आजीच्या ट्रंकेतल्या गोधड्या, कुंची आणि एक न ओळखू येणारी वस्तू : काय ठेवू, काय देऊ?

मनीप्लांट
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

वाईजवळचा आमचा वाडा विकला. वाटण्या, सह्या, रुसवेफुगवे सगळं पार पडलं (त्यावर वेगळा धागा होईल, पण तो काढला तर माझं माहेर तुटेल). महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्यात. पितळेच्या घंगाळावरून चुलतभावांची जुंपली, लाकडी पाळणा मोठ्या काकांनी आधीच गाडीत घातला. माजघरातली पत्र्याची ट्रंक मात्र कुणालाच नको होती. "मने, तुला हौस आहे ना, मग तू घे," असं म्हणून ती माझ्या गळ्यात घातली.

काल रात्री उघडली. वरच सात गोधड्या. तीन धड आहेत, दोन कडेनं उसवल्यात आणि उरलेल्या दोन उचलल्या तर हातात भुगा येतो. खणाची एक कुंची निघाली. झालर सुटलीय, पण मानेपाशी तेलाचा डाग अजून आहे. आम्ही सहाही नातवंडं त्या कुंचीतली, त्यामुळे डाग नक्की कुणाचा ते सांगता येणार नाही. पानाची चंची मिळाली, आतल्या कप्प्यात सुपारीचं अर्धं खांड तसंच होतं. जपाची भगवी गोमुखी, अर्धं मण्यांचं तोरण (उरलेले मणी ट्रंकेच्या तळाला), चिंध्यांची एक बाहुली.

आणि एक वस्तू जी मला ओळखताच येत नाहीये. साधारण वीतभर चौकोनी जाड कापड, गडद लाल आणि निळं, त्यावर इतके बारीक टाके की बोट फिरवलं तर खरखरतं. तीन कडांना कवड्या, चारही कोपऱ्यांत चार-चार कवड्यांचं फूल, मध्ये छोटे आरसे. चौथी कड एका कड्याला शिवलीय. कडं धातूचं नाही, चिंध्या पिळून वर दोरा गुंडाळून केलंय, दगडासारखं घट्ट आहे. फोटो जोडते.

घरात मला मिळणार कपाटाचा एक कप्पा. नवरा म्हणाला, "एक. दीड नाही." तर काय ठेवू, काय कुणाला देऊ, आणि ही वस्तू आहे तरी काय?

टाका_उसवला
फोटोंचा गणेशा झालाय, काहीच दिसत नाही. पण वर्णनावरून श्रीमंत घरातलं लाळेरं वाटतंय.

तिरकस
सरळ बोलतो, राग नको. तीस वर्षं ज्या ट्रंकेला कुणी हात लावला नाही ती आज अचानक वारसा झाली? एक गोधडी ठेवा, बाकीच्या गाडी पुसायला. आमच्याकडे हेच केलं, कुणी मेलं नाही.

कृष्णाकाठ
तिरकसराव, तुमच्या गाडीला माझी एक विनंती आहे, तिनं तुम्हाला रस्त्यात बंद पडून दाखवावं.

मनीताई, आमच्याकडे याला वाकळ म्हणत्यात. गोधडी म्हटलं की माझ्या आईला ती शहरातली, दुकानातली वाटायची. वाकळ कुणी एकटीनं शिवायची नाही. दुपारची जेवणं उरकली की अंगणात जुनी लुगडी पसरायची, चार कोपऱ्यांवर चार पाट, आणि चौघी जणी चार बाजूंनी बसायच्या. धावदोरा घालत घालत मध्यावर यायच्या. कुणाचा टाका बारीक, कुणाचा ढोबळ, ते वाकळेत कायमचं राहायचं. आई मरेपर्यंत बोट ठेवून सांगायची, ही बाजू आक्काची, ही शेजारच्या काशीबाईची. तिचा टाका वाकडा कारण ती सगळा वेळ बोलायची.

तुमच्या सातही गोधड्या उन्हात नाही, सावलीत पसरा आणि चारी बाजूंचे टाके बघा. एकाच हाताच्या असतील तर आजी एकटी बसायची. वेगळे असतील तर तिला शेजार होता.

मनीप्लांट
@कृष्णाकाठ, हे वाचून उठले आणि हॉलमध्ये पसरल्या. एका गोधडीला एका बाजूचे टाके चक्क डावरे आहेत, तिरके उलट्या दिशेनं गेलेत. आमच्या घरात डावरं कुणीच नव्हतं. फोटो पुन्हा चढवलेत.

टाका_उसवला
दिसले. लाळेऱ्याबद्दलचं विधान मागे घेतो. हे कडं गळ्यात जाणार नाही, बाळाच्यासुद्धा.

निर्माल्य
ताई, कवड्या आहेत म्हणजे देवीचं आहे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा असतात, यल्लम्माच्या जोगतिणींकडेही असतात. कुणीतरी घरी ठेवायला दिलं असणार. असल्या वस्तू माहिती नसताना घरात ठेवू नयेत. हळदकुंकू वाहून कृष्णेत सोडा, वाईचा घाट आहेच.

मनीप्लांट
सासूबाई अगदी हेच म्हणाल्या. शनिवारी वाईला जायचंच आहे. :(

वस्तुपाल
थांबा. नदीत काहीही सोडू नका. कवडी दिसली की देवी, असं नसतं. कवडी गाई-बैलांच्या गळ्यात असते, पाळण्यावर असते, बटव्यावर असते, सोंगट्यांच्या पटावर तर असतेच.

मी वस्तुसंग्रहालयात कापड जतनाचं काम करते, म्हणून ओळखण्याआधी जपण्याचं सांगते. सगळं धुवायची घाई करू नका. मळ हा नेहमी मळ नसतो. कुंचीवरचा तो तेलाचा डाग गेला तर त्या कुंचीत राहिलं काय?

प्लास्टिकच्या पिशवीत काहीच भरू नका, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. जुनी, मऊ, पांढरी सुती चादर घ्या. तिची खळ पूर्ण जाईपर्यंत धुवा, कारण कसर येते ती खळीवर. तिच्यात एकेक वस्तू गुंडाळा. ट्रंक पत्र्याची आहे, तेव्हा आतून कापडाचा थर हवाच, नाहीतर गंजाचे डाग पडतील आणि ते कशानंही जात नाहीत. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका. आमच्या आज्या वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडी बांधून ठेवायच्या, तेवढं पुरे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर चार-सहा महिन्यांनी घडी बदला. कापड फाटतं ते घडीवरच.

कसर दिसली तर साध्या सुती वस्तूला फ्रीझरचा उपाय आहे. हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता ठेवायची. फक्त या एका वेळी प्लास्टिक चालेल. मणी-आरशांच्या वस्तूला हे करू नका.

तिरकस
म्हणजे मटारशेजारी आजीची गोधडी. छान.

हळदीकुंकू
धुण्यावरून आठवलं. माझ्या आईची लग्नातल्या शालूची गोधडी होती. आतमध्ये तिच्या आईची तीन लुगडी. मी शहाणी, नवीन फ्रंट लोड मशीन आलं होतं, 'नाजूक कपडे' असं बटण होतं, लावलं. चाळीस मिनिटांनी दार उघडलं तर गोधडीचं वरचं कापड एकीकडे, आणि आतली लुगडी लापशीसारखी ड्रमला चिकटलेली. मेकॅनिकनं फिल्टरमधून मूठभर काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, काय टाकलं होतं?" मला सांगताच येईना.

तो गोळा अजून ठेवलाय. डबीत. हसू नका.

टाका_उसवला
नाही हसत.

दाभण
वीस वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार न चुकता जातो, तेव्हा अनुभवाचे चार शब्द.

जुनं कापड घेणारे तीन प्रकारचे. जरीसाठी घेणारे, ते पैठणी जाळून चांदी काढतात आणि त्यांना विणकामाशी देणंघेणं नसतं. दुसरे सजावटवाले, गोधडी कापून उशांचे अभ्रे शिवतात आणि हजारात विकतात. तिसरे आमच्यासारखे वेडे. पहिल्या दोघांना देऊ नका.

'जुनं' म्हणून विकलं जाणारं निम्मं जुनं नसतं. चहाच्या पाण्यात बुडवलेलं नवं मांजरपाट मी डोळ्यांदेखत पाहिलंय, विकणारा शंभर वर्षांचं म्हणून शपथ घेत होता. एक धागा ओढून जाळून बघा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि हलकी राख पडते. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं शिवलेली 'पेशवेकालीन' वाकळ मला तीनदा विकायला आली आहे. टाका फार सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर मशीन. माणसाचा हात चुकतो.

शिलाई मशीनबद्दलही तेच. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, होडीसारख्या शटलमध्ये लांबट बॉबीन असलेलं सिंगर दिसलं की लोक 'अँटिक, अँटिक' करून वीस हजार मागतात. अहो, सिंगरनं ती लाखोंनी काढली. स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या कारखान्यातनं बोटी भरभरून इकडे यायची. बुडाशी नंबर असतो, त्यावरून कुठल्या कारखान्यातलं आणि कुठल्या सालचं ते कळतं. दुर्मीळ ते नाही, त्याबरोबर आलेला, कापड दाबणाऱ्या वेगवेगळ्या पायांचा डबा शाबूत असेल तर तो दुर्मीळ.

मनीप्लांट, तुमची ती कवड्यांची वस्तू किरकोळ आहे. कशाचा तरी फाटलेला भाग असावा. व्यनि (खासगी निरोप) करतो.

रानपाखरू
@कृष्णाकाठ यांनी कडेनं मध्यावर येणं लिहिलंय, त्यावरून सांगते. नवऱ्याची बदली कर्नाटकात हल्याळला होती तेव्हा सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, बघायला मिळाल्या. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. पळून घाटावरच्या रानात आले, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे राहिले. त्यांची कोंकणी मला कळायची आणि माझं मराठी त्यांना, त्यामुळे गप्पा भरपूर.

त्या आधी वरचं कापड जोडत बसत नाहीत. खाली एक साडी पसरायची आणि एका कोपऱ्यापासून चिंध्या लावत, तिथल्या तिथे टाके घालत कडेकडेनं गोल फिरत आत यायचं. रंग ठरवून नसतात, तरी जमतात. कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लागतातच. फुलांशिवाय कवंद म्हणजे नागडी, असं एक आजी म्हणाल्या. मधला शेवटचा तुकडा बसवायच्या आधी त्यांनी आत थोडे तांदूळ घातले. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, तिचं पोट भरायला नको?

मी एक घेतली. घेताना घासाघीस केली होती, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

पेनसिल्वेनियाकर
मी लँकेस्टरजवळ राहतो. इथे आमिश लोकांच्या (जुन्या, साध्या पद्धतीनं राहणारा ख्रिस्ती पंथ) जुन्या गोधड्यांचे, म्हणजे क्विल्टचे लिलाव होतात आणि बायकोला त्यांचं वेड आहे. इथं 'प्रिमिटिव्ह' नावाचा छंदच आहे. जितकं ओबडधोबड, घरगुती, ठिगळ लावलेलं, तितकं लोक जीव टाकतात. फुटलेल्या काचेच्या पेल्याचा नुसता पाय उरला, तर त्यावर कापडाची गादी बसवून टाचण्या टोचायची उशी करायची. अशा जुन्या जोड-तोड उश्या जमवणारे लोक आहेत. टोमॅटोच्या आकाराच्या पिनउशीला एक छोटी कापडी स्ट्रॉबेरी लोंबत असते ना, ती शोभेची नाही. तिच्यात कुरुंदाची पूड असते, सुई खुपसून काढली की गंज निघून टोक साफ होतं. हे मला इथं दहा वर्षं राहिल्यावर कळलं.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन क्विल्ट पलंगावर न टाकता चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. लोकांनी एकदम मान वर करून बघितलं. वस्तू तीच. फक्त आडवीची उभी केली.

मनीप्लांट, मला एक प्रश्न आहे. माझ्या आजीची गोधडी कोल्हापूरहून इकडे आणायची आहे. कायदा आडवा येतो का?

वस्तुपाल
@पेनसिल्वेनियाकर, १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, ते फक्त केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेली संस्थाच करू शकते. हस्तलिखितांना ती मर्यादा पंचाहत्तर वर्षं आहे. आजीची गोधडी १९५०-६० ची असेल तर त्यात बसत नाही, खुशाल पांघरून या. खरोखरच शंभरीच्या आसपासची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घ्या, विमानतळावर हुज्जत नको.

कृष्णाकाठ
पेनसिल्वेनियाकरांमुळे एक गोष्ट लिहावीच लागणार.

मागच्या वर्षी आईची वाकळ दुरुस्त करायला एका कडेनं उसवली. वर हिरवं इरकल, खाली दादांचं धोतर, त्याच्या खाली आणखी एक जुनी वाकळ! वाकळेच्या पोटात वाकळ. आणि तिच्याही आत जाड पांढरट कापड, त्यावर पुसट निळे-तांबडे ठसे. उजेडात धरलं तर हातात हात घेतलेले दोन पंजे, मागं पट्टे आणि इंग्रजी अक्षरं. बराच वेळ कळेना. मग थोरल्या भावानं सांगितलं, अमेरिकेचा गहू यायचा ना रेशनला, पीएल ४८० चा, त्याचं पोतं. आईनं उसवून, धुऊन, आत घातलेलं.

मी ती बाजू परत शिवली नाही. दोन वीत उघडीच ठेवलीय, पाहुण्यांना दाखवायला.

पेनसिल्वेनियाकर
अंगावर काटा आला. इथं १९३० च्या मंदीत बायका पिठाच्या पोत्यांचे कपडे आणि क्विल्ट शिवायच्या. गिरणीवाल्यांच्या लक्षात आलं तसं त्यांनी पोती फुलाफुलांच्या छापील कापडाची काढली, म्हणजे एकाच नक्षीची चार पोती जमवायला बाई त्याच दुकानात परत येईल. आज ती कापडं इथले लोक जमवतात. एकच सवय, दोन्ही टोकांना.

तिरकस
गहू खाल्ला, पोतं पांघरलं आणि वर अमेरिकेला नावं ठेवली. याला म्हणतात स्वाभिमान. (हलके घ्या. कृष्णाकाठ, ही गोष्ट मात्र आवडली.)

हळदीकुंकू
अवांतर: गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे ना? अंगावर चिंध्यांची गोधडी म्हणून.

निर्माल्य
आणि अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. अंगावर घ्यायच्या कापडावर अख्खा ग्रंथ लिहिलेला. कापडाला आपल्याकडे मान आहे हो, म्हणूनच मी विसर्जन सुचवलं, टाकून द्या म्हटलं नाही.

वस्तुपाल
मान असेल तर पाण्यात का सोडायचा, हा माझा साधा प्रश्न.

टाका_उसवला
पेटला धागा. मी चहा ठेवतो.

शनिवारपेठ
कुणी अजून पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं नाव कसं घेतलं नाही? दिनकर केळकर चष्म्यांच्या दुकानातले माणूस, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे. १९२० च्या सुमाराला जमवायला लागले आणि जमवलं काय, तर दिवे, अडकित्ते, दौती, वज्रऱ्या, खेळणी, चोळ्या. राजेरजवाड्यांच्या तलवारी मागं सगळेच लागायचे, हा माणूस गावोगाव जाऊन लोकांच्या माळ्यावरचा अडकित्ता मागायचा. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं तो संग्रह उभा केला. वीस हजारांवर वस्तू आहेत, मांडायला जागा थोड्यांनाच मिळते.

तिथं माझ्या मुलानं पाय घासायची वज्री बघून विचारलं, "हिच्यावर हत्ती कशाला कोरलाय? पायालाच तर लावायची." मला उत्तर देता आलं नाही. रोज पायाला लावायच्या वस्तूवर हत्ती कोरणारी माणसं होती, एवढंच म्हणता आलं असतं.

मनीप्लांट
सगळ्यांचे आभार. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. एक सांगायचं होतं, सांगू की नको करत होते. @दाभण, तुम्ही व्यनित 'किरकोळ तुकडा, ८०० रुपये देतो, शनिवारी घरी येऊन नेतो' असं लिहिलंत. मग आज सकाळी दुसऱ्या व्यनित २५०० कसे झाले?

तिरकस
अरे वा. बाजारभाव फारच चढला हो एका रात्रीत.

दाभण
यात लपवण्यासारखं काही नाही. संग्राहक असाच घेतो. मी ती नीट ठेवली असती, नदीत सोडली नसती. एवढंच म्हणतो.

वस्तुपाल
शेवटचं वाक्य खरं आहे, हे मलाही मान्य करावं लागतंय. पण दाभणराव, ती काय आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते सांगून २५०० म्हणाला असतात तर मी तुमच्या बाजूनं बोलले असते.

तांडेकर
नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

ताई, ती चुंबळ आहे. आमच्या बंजारा बायांची. ते कडं डोक्यावर ठेवायचं, त्यावर घागर, घागरीवर दुसरी घागर. आणि तो कवड्यांचा चौकोन डोक्यामागे पाठीकडे लोंबतो. बाई पाण्याहून चालत येताना मागून येणाऱ्याला तोच दिसतो, आरसे चमकतात. म्हणून सगळी कला त्या वीतभर कापडावर. फाटका भाग नाही, पूर्ण वस्तू आहे ती.

माझ्या आजीची होती. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), टुकरी (ओढणी) यांच्यासारखीच ती पोरीनं स्वतः शिवायची. एक चुंबळ म्हणजे कित्येक महिने, शेतातलं काम सांभाळून. कापडाचे थर एकावर एक लावून टाके इतके जवळ घालायचे की कापड दिसतच नाही, नुसता दोरा. आता तांड्यात नळ आले, चांगलंच झालं, आजीच्या टाळूवर केस उरले नव्हते हे मी पाहिलंय. आता चुंबळ निघते ती तीज सणाला पोरी नाचतात तेव्हा. आमच्या आजीची तशीच एका गाडीवाल्या बाबूला माझ्या काकानं स्टीलच्या टोपाबदल्यात दिली. तेव्हा कुणाला काय माहीत.

एक बघा. कड्याची आतली बाजू काळपट, तेलकट असेल तर ती वापरलेली आहे. कोरी असेल तर विकायला केलेली. दुसरं, तुमच्या वाईच्या घरात ही आली कुठून? आमच्या बाया ती सहसा कुणाला देत नसत.

मनीप्लांट
@तांडेकर, आतली बाजू काळी आहे. गुळगुळीत. नाकाशी नेली तर इतक्या वर्षांनी अजून खोबरेलाचा वास येतो. किंवा मला तसं वाटतंय.

कुठून आली ते आत्याला विचारते. ती एकटीच सांगू शकेल.

टाका_उसवला
चहा गार झाला. आत्याला फोन लावा.

निर्माल्य
मी माझं म्हणणं मागे घेतो. कृष्णेत सोडली असती तर पाप माझ्या माथी आलं असतं.

तिरकस
चुंबळीसकट.

मनीप्लांट
(चार दिवसांनी धागा वर काढतेय.)

आत्याशी बोलले. आजोबा साठ सालच्या आसपास पुसदकडे शाळामास्तर होते, हे मला ठाऊकच नव्हतं. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची. घराला नळ नव्हता, विहीर लांब. आजी वाईची, नदीकाठची, तिला डोक्यावर घागर घेऊन चालायची सवय नाही. आत्या म्हणाली, "पहिल्या आठवड्यात आईनं दोन घागरी फोडल्या. मग तांड्यावरची एक बाई रोज तिच्याबरोबर जायला लागली. आधी शिकवायचा प्रयत्न केला, मग कंटाळली आणि स्वतःच आणून द्यायला लागली. दुपारी दोघी ओट्यावर शिवत बसायच्या. बदली झाली तेव्हा तिनं डोक्यावरची काढून आईच्या हातात दिली. आईनं तिला स्वतःची शिवलेली गोधडी दिली."

मी विचारलं, ती डावरी होती का? आत्या म्हणाली, "तुला गं कसं माहीत?"

नाव विचारलं. आत्याला आठवेना. म्हणाली, "तिची पोरं याडी, याडी करायची, म्हणून आम्हीही याडीच म्हणायचो."

तांडेकर
याडी म्हणजे आई.

कृष्णाकाठ
डावरी बाजू सापडली म्हणायची.

हळदीकुंकू
मी आता ती डबी उघडून बसलेय. काही लिहीत नाही.

मनीप्लांट
तर मूळ प्रश्नाचं सांगते, नाहीतर ॲडमिन म्हणतील धागा भरकटला. डावऱ्या टाक्यांची गोधडी आणि चुंबळ माझ्या कप्प्यात. दोन्ही धुतल्या नाहीत, वस्तुपालताईंनी सांगितल्याप्रमाणे गुंडाळल्यात. भुगा झालेल्या दोन्हींतून जे धड तुकडे निघतील ते उरलेल्या उसवलेल्यांना ठिगळ म्हणून लावणार. मी आणि आत्या, दोन बाजूंनी बसून. आत्याला दिसत नाही फारसं, त्यामुळे तिची बाजू कशी होईल ते बघू. कुंची चुलतबहिणीला, तिला सातवा लागलाय. बाकीच्या दोन धड गोधड्या चुलतभावांना नेऊन दिल्या. घंगाळ नेणाऱ्यानं विचारलं, "ही कशाला?" म्हटलं, थंडीत कळेल.

@तांडेकर, पुसदकडचे आहात का? आत्याला गावाचं नाव आठवलं तर व्यनि करू का? त्या तांड्यातलं कुणी असेल तर चुंबळीचा फोटो तरी पोचेल.

तांडेकर
दिग्रसचा आहे. पुसद जवळच. नक्की करा. फोटो नीट घ्या, कोपऱ्यांचे वेगळे. टाका ओळखणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत.

टाका_उसवला
सगळं झालं, पण गोमुखीचं काय ठरलं?

तिरकस
मी घेतो. थंडीत डाव्या हाताला होईल.